रुडॉल्फ डिझेल: ठिणगीशिवाय इंजिन चालवणारा माणूस, आणि थंडीत न उठणारा आपला ट्रक



मागच्या जानेवारीत मी पुण्याहून गावी, शिंदखेड्याला गेलो होतो. खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ४४-४५ अंशांचा मे महिना आठवतो. पण हिवाळ्यात धुळ्याचा पारा ५-६ अंशांवर येतो, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तर अशाच एका पहाटे पाच वाजता मोठ्या काकांचा जुना छोटा ट्रक सुरू होईना. मागे लाल मिरचीची पोती भरलेली, दोंडाईच्याच्या बाजारात वेळेत पोहोचायचं होतं. सेल्फ मारला की इंजिन जड जड फिरायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प बसायचं. शेजारी माझ्या चुलत भावाची पेट्रोलची बाईक मात्र दुसऱ्या किकला सुरू झाली.

भावानं यूट्यूबवर बघून ठेवलेला उपाय काढला. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, डिझेलमध्ये बुडवून पेटवायच्या आणि टाकीखाली, इंजिनाखाली धरायच्या. काकांनी त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, मलाही नीट उत्तर देता आलं नाही. बाईक सुरू होते, मग ट्रक का नाही? डिझेलला थंडीचं एवढं वावडं का?

पुण्याला परत आल्यावर मी हे शोधायला बसलो आणि एका माणसाच्या आयुष्यात शिरलो. पंपावर आपण रोज ज्याचं नाव घेतो तो माणूस, रुडॉल्फ डिझेल. बऱ्याच जणांना डिझेल हे एका तेलाचं नाव वाटतं. ते आधी एका माणसाचं आडनाव होतं. आज त्याचीच गोष्ट बघूया, म्हणजे ट्रकचं कोडंही सुटेल.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर कातडी वस्तू बनवायचे. धंदा बेताचा होता. तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवायचं काम लहान रुडॉल्फकडे असायचं. म्हणजे मालवाहतुकीशी त्याचा संबंध अगदी लहानपणापासूनचा!

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाल होते, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. तिथले त्याचे काका गणित शिकवायचे. त्यांच्या घरी राहून तो शिकला आणि १४ व्या वर्षी त्यानं आईवडिलांना पत्रानं कळवून टाकलं की मला इंजिनिअर व्हायचंय.

शाळेत तो पहिला आला. घरच्यांना वाटत होतं की पोरानं आता कमवायला लागावं. पण त्याला म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यानं घरच्यांच्या मनाविरुद्ध पुढे शिकायचं ठरवलं. आपल्याकडेही कितीतरी घरांत हाच वाद झालेला असतो, नाही का?

एका तासातलं एक वाक्य

म्युनिकमध्ये त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. हे नाव लक्षात ठेवा. यंत्रानं थंडी तयार करायची, म्हणजे बर्फाचे कारखाने आणि रेफ्रिजरेशन, या क्षेत्रातले ते मोठे इंजिनिअर. एका व्याख्यानात त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. कोळसा जाळून जेवढी उष्णता मिळते त्यातला जेमतेम ६ ते १० टक्के भाग कामाला येतो, बाकीचा वाया जातो.

रुडॉल्फच्या डोक्यात हे बसलं. १०० रुपयांचा कोळसा जाळायचा आणि ९० रुपये धुरात घालवायचे? त्यानं वहीच्या कडेला टिपून ठेवलं की यापेक्षा चांगलं इंजिन बनवता येईल का ते तपासायचं. तेव्हा तो विशीचा होता. या एका टिपणाचं इंजिन व्हायला पुढची जवळपास २० वर्षं लागली.

१८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या वेळीच त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. मधल्या काळात त्यानं स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीच्या कारखान्यात हातानं काम केलं. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंडे यांच्याच बर्फाच्या व्यवसायात, पॅरिसमध्ये नोकरी लागली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फाची यंत्रं आणि उरलेल्या वेळात इंजिनाचं वेड, असं दहाएक वर्षं चाललं. १८९० मध्ये तो बर्लिनला राहायला गेला.

गंमत बघा, ज्या इंजिनाला थंडी सोसत नाही, ते ज्यानं बनवलं तो माणूस बर्फ बनवून पोट भरत होता!

काडी न लावता आग

आता मुख्य कल्पना समजून घेऊ. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. आग्नेय आशियातले लोक या गोष्टीचा वापर फार पूर्वीपासून करत होते. छोट्या नळीत कापसासारखं काहीतरी ठेवायचं, वरून दांडा जोरात दाबायचा, आत हवा तापून ते पेटतं. असा दांडा डिझेलनं तरुणपणी बघितला होता, असं सांगितलं जातं.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र आत जातात आणि स्पार्क प्लगची ठिणगी त्यांना पेटवते. डिझेलनं ठिणगी काढूनच टाकली. आधी नुसती हवा आत घ्यायची. ती खूप दाबायची. ती इतकी तापते की तिच्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटतं.

थोडा हिशेब करूया, घाबरू नका. समजा इंजिन हवेला १७ पट दाबतंय.

- बाहेर ३० अंश असतील, तर दाबलेली हवा साधारण ४३० अंशांपर्यंत जाते.
- बाहेर ५ अंश असतील, तर तीच हवा साधारण ३७५ अंशांपर्यंत जाते.

म्हणजे बाहेर २५ अंशांचा फरक पडला की आत जवळपास ६० अंशांचा पडतो. हा झाला चांगल्या इंजिनाचा अंदाज. इंजिन जुनं असेल, हळू फिरत असेल, हवा पिस्टनच्या कडेनं निसटत असेल आणि थंड लोखंड उष्णता शोषून घेत असेल, तर आतलं तापमान ३०० च्याही खाली राहू शकतं. डिझेल प्रयोगशाळेत २१० अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकतं. पण तिथे त्याला भरपूर वेळ असतो. इंजिनात त्याला सेकंदाचा अगदी छोटा तुकडा मिळतो, त्यामुळे हवा त्यापेक्षा बरीच जास्त गरम लागते. तेवढी गरम नसेल तर डिझेल न पेटताच वाफ होऊन बाहेर पडतं. काकांच्या ट्रकमधून येणारा पांढरा धूर तोच होता.

बाईकच्या प्लगला हवा किती तापली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो ठिणगी टाकतो, काम झालं. डिझेल इंजिन मात्र स्वतःच्याच उष्णतेवर जगतं. एकदा चालू झालं की ते गरम राहतं आणि गरम आहे म्हणून चालू राहतं. अडचण असते ती फक्त पहिल्या काही फेऱ्यांची.

चार वर्षांचं डीबगिंग

१८९२ मध्ये डिझेलनं पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी त्यानं आपला सिद्धांत पुस्तकरूपानं छापला. ऑग्सबुर्गचा यंत्र कारखाना (आजच्या एमएएन कंपनीचा पूर्वज) आणि क्रुप कंपनी यांनी पैसा आणि जागा दिली.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, म्हणजे कल्पना बरोबर होती. पण दाब एवढा वाढला की दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच रनला सिस्टम क्रॅश.

त्यानंतरची वर्षं म्हणजे नुसतं डीबगिंग. कागदावर त्यानं जो प्रचंड दाब धरला होता, तो लोखंडाला पेलणारा नव्हता, त्यामुळे दाब बराच कमी करावा लागला. इंधन आत कसं सोडायचं हेच मोठं कोडं होतं. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन आत फवारायचं ठरलं. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर सुमारे एक मिनिट फिरलं. तोपर्यंत कारखान्याचा पट्टा इंजिनाला ओढत होता. एका कारागिराच्या लक्षात आलं की आता इंजिनच पट्ट्याला ओढतंय, आणि त्यानं न बोलता डोक्यावरची टोपी काढली, अशी आठवण सांगतात.

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीचं इंजिन, कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीपेक्षा जास्त! वहीच्या कडेचं टिपण खरं ठरलं होतं. आजची ट्रकची इंजिनं ४० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत, पण पाया तोच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ते इंजिन माणसापेक्षा उंच होतं, टनावारी वजनाचं होतं आणि छपराखाली एका जागी उभं असायचं. सुरू करायला दाबलेल्या हवेच्या मोठ्या टाक्या असायच्या. त्याच काळात इंग्लंडमध्ये हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टच्या इंजिनाला वेगळीच युक्ती होती. त्याच्या डोक्यावरचा लोखंडी फुगा आधी दिव्याच्या ज्योतीनं काही मिनिटं तापवायचा आणि मगच इंजिन फिरवायचं. म्हणजे इंजिनाला आधी बाहेरून ऊब द्यायची, हा विचार तेव्हापासूनचा आहे. पण रस्त्याकडेला, उघड्यावर, थंडीत रात्रभर उभा राहिलेला ट्रक डिझेलच्या डोळ्यांसमोर नव्हता.

ते इंजिन कुणासाठी होतं?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. त्या काळी वाफेचं इंजिन फक्त मोठ्या कारखानदाराला परवडायचं. विणकर, सुतार, छोटा कारागीर त्याच्यापुढे टिकत नव्हता. स्वस्त आणि काटकसरी छोटं इंजिन आलं तर हा छोटा माणूस आपल्याच गावात, आपल्याच घरात धंदा टिकवू शकेल, असं डिझेलला वाटायचं. १९०३ मध्ये त्यानं कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे उद्योग कसे चालवावेत यावर एक पुस्तकही लिहिलं. त्याच्या मोजक्याच प्रती खपल्या. पण इंजिनाइतकाच त्याला या पुस्तकाचा अभिमान होता.

इंधनाचंही तसंच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं गेलं. ज्याच्या शेतात भुईमूग पिकतो त्याचं इंधनही शेतातच पिकेल, हा त्यामागचा विचार. पुढे डिझेलनं स्वतःही अशा तेलांचे प्रयोग केले, आणि एक दिवस ही तेलं महत्त्वाची ठरतील असं त्याचं मत झालं. भुईमूग पिकवणाऱ्या आपल्या भागात बसून हे वाचताना मजा वाटते. (पण आजच्या गाडीत घरचं शेंगतेल ओतून बघू नका. ते घट्ट असतं, आजचे पंप आणि इंजेक्टर त्यासाठी बनवलेले नसतात.)

वरून श्रीमंत, आतून रिकामा

१८९७ नंतर पैसा धो धो आला. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांनी हक्क विकत घेतले. म्युनिकमध्ये त्यानं आलिशान बंगला बांधला. पण सुरुवातीची इंजिनं गिऱ्हाइकांकडे गेली आणि बंद पडायला लागली. प्रयोगशाळेत चालणारं यंत्र आणि गिऱ्हाइकाकडे रोज चालणारं यंत्र यात केवढा फरक असतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. तक्रारी, पेटंटवरून भांडणं आणि सततचं काम यांनी तो आजारी पडला. १८९८ मध्ये मानसिक थकव्यावर उपचार घ्यायला त्याला आरोग्यधामात राहावं लागलं.

इंजिन हळूहळू सुधारत गेलं. १९०३ मध्ये रशियात व्होल्गा नदीवर डिझेल इंजिनाचं जहाज चाललं. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डेन्मार्कचं जहाज डिझेल इंजिनांवर लांबच्या समुद्रप्रवासाला निघालं. इंजिन जग जिंकत होतं आणि त्याच वेळी इंजिनाचा मालक आतून बुडत होता. जमिनीच्या व्यवहारात आणि तेलाच्या धंद्यात त्याचे पैसे गेले. कर्ज चढत गेलं. बंगला तोच, राहणीमान तेच. घरच्यांनासुद्धा खरी परिस्थिती कळली नव्हती.

शेवटची रात्र

२९ सप्टेंबर १९१३. डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून 'ड्रेस्डेन' या बोटीनं इंग्लंडला निघाला. लंडनमध्ये कंपनीची बैठक होती. सोबत ओळखीचे दोन जण होते. रात्री जेवण झालं, थोडा वेळ गप्पा झाल्या. दहाच्या सुमाराला तो आपल्या खोलीत गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवा, असं सांगून ठेवलं.

सकाळी खोली रिकामी होती. पलंगावर कुणी झोपल्याची खूण नव्हती, रात्रीचे कपडे घडी करून ठेवलेले होते. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि ओव्हरकोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राला दिला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत, हे मुलगा ऑयगेननं ओळखलं. डिझेल ५५ वर्षांचा होता.

नंतर कळलं की बँकेतली खाती जवळपास रिकामी होती. निघण्यापूर्वी त्यानं बायकोकडे एक बॅग दिली होती आणि ती पुढच्या आठवड्यात उघडायला सांगितली होती. बॅगेत रोख २०,००० मार्क होते. डायरीत २९ सप्टेंबरच्या पानावर एक छोटी फुली होती. त्यामुळे त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. अपघात किंवा घातपात झाला असं म्हणणारेही आहेत. महायुद्ध तोंडावर होतं आणि पाणबुड्यांना हेच इंजिन लागत होतं, त्यामुळे अफवांना तोटा नव्हता. पक्का पुरावा कुठल्याच बाजूला नाही.

कर्ज लपवून, हसऱ्या चेहऱ्यानं फिरणारा माणूस आपल्या भागाला नवीन नाही. म्हणून हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो. त्याच्या भोवती माणसं होती. त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

इंजिन रस्त्यावर आलं

डिझेल गेल्यावर दहाएक वर्षांनी, १९२३-२४ च्या सुमाराला, जर्मनीत बेंझ आणि एमएएन या कंपन्यांचे डिझेलवर चालणारे ट्रक आले. १९२७ पासून बॉशचे इंधन पंप मोठ्या संख्येनं बनू लागले आणि हवेच्या झोताचं अवजड प्रकरण संपलं. भारतात १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. आज शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्याला महामार्गाच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा, मुंबई-आग्रा रस्त्यावरून डिझेलच्या कल्पनेची रांगच जाताना दिसेल.

रस्त्यावर आल्यावर थंडीचा प्रश्न खरा झाला. त्याची उत्तरं साधारण अशी निघाली:

१) ग्लो प्लग. आपले मेकॅनिक याला हीटर प्लग म्हणतात. सिलिंडरच्या आतली ही छोटी विजेची कांडी लालभडक तापते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा दिवा लागतो ना, तो विझेपर्यंत थांबायचं असतं. बरेच जण थांबत नाहीत.

२) आत येणारी हवा तापवणारा हीटर. बऱ्याच मोठ्या इंजिनांत प्लगऐवजी हवेच्या वाटेतच तापणारी जाळी असते.

३) ब्लॉक हीटर. हा आपल्याकडे दिसत नाही, पण कॅनडा, उत्तर अमेरिका आणि नॉर्वे-स्वीडनकडे अगदी सर्रास आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमनला १९४९ मध्ये अशाच एका विजेच्या हीटरचं पेटंट मिळालं. आपण बादलीत पाणी तापवायला कॉइल टाकतो, तसाच हा प्रकार. इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकमध्ये कूलंट खेळत असतं. ब्लॉकच्या कडेला असलेलं एक गोल झाकण काढून तिथे ही कॉइल बसवतात. रात्री ट्रक उभा केला की वायर घरच्या सॉकेटला लावायची. कूलंट तापतं, वर चढतं, हळूहळू सगळा ब्लॉक कोमट होतो. १००० वॅटचा हीटर तीन तास चालला तर तीन युनिट वीज लागते. खूप थंड गावांत तर पार्किंगमध्येच गाड्यांसाठी सॉकेट असतात.

ब्लॉक कोमट झाला की तीन कामं एकदम होतात. दाबलेली हवा लवकर तापते, घट्ट झालेलं ऑइल सैल होतं आणि त्यामुळे स्टार्टरवरचा भार कमी होतो. बॅटरी मात्र थंडच राहते, तिची काळजी वेगळी घ्यावी लागते.

आपल्याकडे याहून कडक थंडी बघायची तर लडाख. तिथे नुसतं इंजिन नाही, इंधनच गोठतं. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे कण होऊन फिल्टर तुंबतो. म्हणून चालक टाकीखाली आग पेटवायचे, अगदी माझ्या भावाच्या चिंध्यांसारखी. २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

मग शिंदखेड्यात काय करायचं?

आपल्या ५-६ अंशांना ब्लॉक हीटरची गरज नाही. या तापमानाला धडधाकट डिझेल गाडी सुरू व्हायलाच हवी. होत नसेल, तर थंडीनं फक्त आधीचं दुखणं उघडं केलेलं असतं. काकांच्या ट्रकचंही तेच निघालं. ऊन वर आल्यावर मेकॅनिकनं तपासलं, चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले आणि बॅटरी म्हातारी झालेली. थंडीत मोबाईलची बॅटरी जशी पटकन मान टाकते, तशीच ट्रकचीही जोर सोडते. मग इंजिन हळू फिरतं आणि हळू फिरलं की हवा तापत नाही. त्या दिवशी मिरची दुपारी पोहोचली, भाव थोडा कमी मिळाला. नंतर प्लग आणि बॅटरी बदलली. त्यानंतर ट्रकनं थंडीची तक्रार केलेली नाही.

एवढं लक्षात ठेवा:

- हिवाळ्याआधी बॅटरी, हीटर प्लग आणि डिझेल फिल्टर तपासून घ्या. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच टाका.
- हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. सेल्फ सलग दाबून धरू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडा.
- गाडीखाली आग कधीच नको. गळकं डिझेल, प्लास्टिकच्या नळ्या, वायरिंग, सगळं तिथेच असतं.
- हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि इंजिन फुटू शकतं.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गरम करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो.

शेवटी

डिझेलला हवं होतं ते छोट्या माणसाचं इंजिन त्याच्या हयातीत झालं नाही. आधी ते जहाजांचं झालं, कारखान्यांचं झालं, पाणबुड्यांचं झालं. पण पुढे ते छोटं झालं आणि खेड्यात आलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि अशा इंजिनांनी महाराष्ट्रातल्या विहिरींचं पाणी वर काढलं, पिठाच्या गिरण्या चालवल्या. माझ्या आजोबांच्या विहिरीवरही एक होतं. वीज नसलेल्या रात्री हँडल मारून ते सुरू करायचे, आणि थंडीत आधी किटलीभर गरम पाणी इंजिनात ओतायचे, हे मला काकांनी आत्ता सांगितलं. त्यांनी ब्लॉक हीटर हे नाव कधी ऐकलं नव्हतं, पण विचार तोच होता.

पुढच्या वेळी पंपावर डिझेलची पाटी दिसली, तर त्या माणसाची एकदा आठवण काढा. आणि घरात कुणी पहाटे ट्रक सुरू करायला धडपडत असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवून ठेवा. तुमच्याकडे थंडीत गाडी सुरू करायची काय पद्धत आहे, तेही नक्की सांगा. भेटूया पुढच्या लेखात!